उज्ज्वलाची चार दिवसांची पाहुणी

उज्ज्वला वाशिमच्या एसटीत कंडक्टर. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" करून घसा बसला, की तिला खोलीवर फक्त शांतता हवी असे. ती शांतता सात महिन्यांपूर्वी वैभवीनं घालवली होती. मैत्रिणीची मैत्रीण, पोलीस भरतीसाठी चार दिवस म्हणून आलेली. भरती पुढं गेली. वैभवी कुठंच गेली नाही.

पहाटे पाचला तिच्या उठाबशा सुरू, त्याही मोठ्यानं मोजून. चहाच्या पातेल्यात भिजवलेले हरभरे. आणि बोलणं तर दात घासतानाही चालू. पिऊन आलेल्याला दंडाला धरून बसमधून उतरवणाऱ्या उज्ज्वलाला या हसऱ्या पोरीला मात्र "जा" म्हणवेना.

शेवटी तिनं पुसद नाक्याकडं एक खोली शोधून दिली. वैभवी बघून आली ती हरखूनच.

"ताई, लय मोठी हाय वं. आपण दोघीबी तिकडंच जाऊ."

उज्ज्वलानं कपाळावर हात मारला आणि अनसिंगला आईला, आवडाबाईला, फोन लावला. "माय, आठ दिवस इथं ये. कायमची राह्याले आली म्हणून सांग. जागा पुरनार नाही, मंग ते पोरगी जाईन."

आवडाबाई वांग्यांचं पोतं घेऊन हजर झाली. पहिल्या दिवशी तिनं ठरल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी वैभवीनं तिचे पाय चेपत, दोडक्यावरची कीड कशी घालवायची हे दोन तास विचारलं. तिसऱ्या दिवशी उज्ज्वला ड्यूटीवरून आली, तर दोघी पिशव्या भरून दारात उभ्या.

"मी इले घेऊन जातो," आवडाबाई म्हणाली. "तिकडं भरतीसाठी पळाले मोकळं रान हाय. अन् तू तं घरी आली का तोंडच उघडत नाहीस. मले बोलाले कोनी पाहिजे का नाही?"

उज्ज्वलानं दोघींच्या पिशव्या उचलल्या. त्यांना बसमध्ये बसवून ती परतली, दाराला कडी लावली आणि भर खोलीत फुगडी घातली, एकटीनंच. मग पातेलं घासून चहा केला आणि कोणाची बडबड न ऐकता प्यायला.

रविवारी ती माहेरी गेली. तिच्या जुन्या खोलीत भिंतीवर भरतीचं वेळापत्रक, खाटेवर वैभवीची बॅग. बाजारात आईच्या भाजीपुढं वैभवीच्या आरोळीवर गिऱ्हाईक तुटून पडलेलं. आवडाबाई मागं बसून नुसती पालकाच्या जुड्या बांधत होती आणि हसत होती. इतकं हसताना उज्ज्वलानं तिला बाप गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"ताई, आज मुक्काम कर ना," वैभवी म्हणाली. "खाली गादी टाकून देतो तुले."

"किती दिवस?" उज्ज्वलानं विचारलं, आणि तिघी भर बाजारात पोट धरून हसत सुटल्या.