विंडोज, लिनक्स आणि इतिवृत्तातली एक ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ब्लडप्रेशर मोजताना डॉक्टर ‘मनावर काही ताण आहे का’ असं विचारतात, तेव्हा त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण वय चौऱ्याहत्तर झालं — आणि गेल्या महिन्यात एक गोष्ट अशी घडली की मी पोट धरून हसलो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. पण ते पुढे. एकदम त्या जागी जायला मला जमणार नाही. थोडं फिरून येऊ द्या.

मी कदम. आजोबा नांदेडकडची शेती भावांवर सोडून निजामाच्या काळात हैदराबादला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ येतात, पुण्याहून आलेली मंडळी त्यावर हसतात, आम्हीही हसतो. रेल्वेत सिग्नलचं काम शिकवण्यात माझी नोकरी गेली. राहायला तारनाक्याला. आणि बरकतपुऱ्यात, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, आमचं मराठी मंडळ आणि त्याचं वाचनालय. तिथे मी चौदा वर्षं चिटणीस होतो. मंडळात माझी ओळख मात्र चिटणीस म्हणून कमी आणि लिनक्सवाला म्हणून जास्त.

हसू नका. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, मी ऑपरेटिंग सिस्टिमला लागलो. घरी पहिला संगणक आला तो विंडोजचा. मी पत्र टाइप करायला बसावं आणि त्याने म्हणावं, थांबा, अपडेट होत आहे. तीस टक्के. मी चहा करून यावं — तीस टक्के. मग एका जुन्या विद्यार्थ्याने विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्सची चकती आणून दिली. काय सांगू तुम्हाला! सिग्नलच्या माणसाला बंद कपाट सहन होत नाही. दार उघडून कुठली तार कुठे जाते ते दिसलं पाहिजे. इथे सगळी दारं उघडी. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची आणि यंत्राने ती ऐकायची — घरात दुसरं कोण ऐकत होतं माझं? प्रिंटर चालला नाही, आवाज आला नाही, मराठी जोडाक्षरं तुटून इकडेतिकडे पडली, आणि प्रत्येक गोष्ट स्वतः दुरुस्त करताना मी शाळकरी मुलासारखा खूष होत गेलो.

मग अर्थातच मी प्रचाराला लागलो. मंडळात दोन पक्ष पडले, खिडकीवाले आणि, लिनक्सच्या चिन्हावरून, पेंग्विनवाले. अध्यक्ष जोशी म्हणायचे, “कदमसाहेब, निवडणुकीत आपल्याकडे एवढी चुरस नसते हो!” आणि खिडकीवाल्यांच्या पुढारी होत्या नलिनीताई. त्या निवृत्त मराठी शिक्षिका, लग्न होऊन पुण्याहून इथे आलेल्या, आमच्या वार्षिक अंकाची मुद्रितं त्याच तपासतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं : “माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवू नका. मला अंधारातही मीठ सापडतं.”

आता एक छोटी कबुली देऊन टाकतो, म्हणजे हात सैल होईल. सगळ्या हैदराबादला लिनक्सचा उपदेश करणाऱ्या या माणसाने घरच्या संगणकावर एका कोपऱ्यात विंडोज तसंच ठेवलं होतं. का? एक, प्रिंटर. दोन, पत्त्यांचा डाव. दुपारी जेवण झालं की दार लोटून मी विंडोज सुरू करायचो आणि राजावर राणी, राणीवर गुलाम लावत बसायचो. पाहुणा आला की घाईघाईने बंद. बायको म्हणायची, “इतकं लपवून तर लोक दारू पितात.”

हाच सगळा कबुलीजबाब असता तर किती बरं झालं असतं, नाही?

नलिनीताईंनी वाचनालयाची सूची केली होती. तीन हजारांवर पुस्तकं. लाकडी खणांतली जुनी कार्डं, काही तर मोडी वळणाच्या अक्षरातली, एकेक काढायची, पुसायची, आणि नाव, लेखक, विषय, कपाट असं संगणकावर टाइप करायचं. दोन वर्षं, आठवड्यातून तीन दुपारी. त्या दोन्ही हातांनी टाइप करायच्या, पडद्याकडे न बघता. एकदा मला म्हणाल्या, “याची एक प्रत घरी नेऊन ठेवू का?” मी म्हणालो — हो, मीच म्हणालो — “कशाला ताई? सूची डी-ड्राइव्हवर आहे. डी-ड्राइव्हला काही होत नसतं.”

ही आपल्या सगळ्यांची श्रद्धा होती, आठवतं का? सी बिघडतो, डी राहतो. विंडोज सीमध्ये, जपायचं ते सगळं डीमध्ये. जणू घरातली खोली आणि अंगणातली कोठी.

शेवटी कार्यकारिणीने ठराव केला : मंडळाच्या संगणकावर लिनक्स घालावं, पण विंडोज काढू नये. दोन्ही शेजारी शेजारी नांदू द्यावीत, दिवाळीनंतर बघू. काम माझ्याकडे. शनिवारी दुपारी मी एकटाच वर गेलो. खाली दवाखान्यात कुणाचं तरी बाळ रडत होतं. मी चकती घातली. पडद्यावर दोन पर्याय आले — विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा अख्खी डिस्क पुसून बसवा.

ठराव मला पाठ होता. मीच लिहिला होता. तरी माझं बोट दुसऱ्या पर्यायावर गेलं. मला विंडोज तिथे नको होतं. शेजारीसुद्धा नको. उद्या सभेत सांगू की काहीतरी अडचण आली, असं मनात म्हटलं. सूचीचं काय? सूची तर डीमध्ये. सिग्नलचा मास्तर मी, आयुष्यभर पोरांना शिकवलं की दोन दिवे वेगळे दिसले तरी आधी बघा, तार एकच आहे का. आणि मला हे सुचलं नाही की सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. अख्खी म्हणजे अख्खी.

वीस मिनिटांत सुंदर निळा पडदा आला. मी आनंदाने डी-ड्राइव्ह शोधायला लागलो.

मग चिक्कडपल्लीच्या ओळखीच्या संगणकवाल्याला फोन केला. म्हटलं, माझ्या एका दोस्ताचं असं असं झालंय. तो म्हणाला, “दोस्त को बोलो सार, मशीन बंद करना. हाथ नै लगाना. सीधा मेरे पास लाना, पूरा नै तो थोड़ा तो मिलेगा.” आणि फोन ठेवता ठेवता, “बहोत होशियार दोस्त है सार आपका.”

मशीन उचलून रिक्षात घालायची, एवढंच करायचं होतं. पण मंडळाची मशीन न्यायची तर अध्यक्षांना का ते सांगावं लागलं असतं. मी नेली नाही. लिनक्सचं रंगरूप नीट करत बसलो — आणि त्या नव्या फायलींखाली जे काही वाचवण्यासारखं होतं तेही गेलं.

रविवारी सभा. सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणालो, व्हायरस आला होता, सूची खाल्ली, मशीन वाचवण्यासाठी मला सगळं पुसावं लागलं. कुणीतरी विचारलं, आला कुठून? आणि मी — हीच ती जागा, मित्रहो, इथेच मला यायचं नव्हतं — मी म्हणालो, “शुक्रवारी नलिनीताईंनी पेनड्राइव्ह लावला होता.”

बस. एवढंच वाक्य. खरंच लावला होता त्यांनी, अंकाची मुद्रितं घेऊन आल्या होत्या. खोटं बोलताना मी खऱ्याचा किती नीट वापर केला बघा.

नलिनीताईंनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “माझ्याच हातून झालं असेल.” पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “हा तुम्हीच नष्ट करा.”

इतिवृत्त मी लिहिलं, चिटणीस मीच ना. ‘श्रीमती नलिनीताई यांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आल्याने ग्रंथसूची नष्ट झाली.’ त्याखाली दुसरी ओळ : ‘श्री. कदम यांनी तत्परतेने संगणक वाचवल्याबद्दल आभाराचा ठराव.’ पुढच्या महिन्यात मी ते वाचून दाखवलं. कायम करायला सूचक जोशी. अनुमोदन? खोलीत एक हात वर झाला. नलिनीताईंचा.

त्या आठवड्यात त्या माझ्याकडे डबा घेऊन आल्या. सांज्याच्या पोळ्या. “तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला.” मी घेतल्या. पोळ्या फार छान झाल्या होत्या, मी चार खाल्ल्या. हेही लिहिलंच पाहिजे.

आणि तो पेनड्राइव्ह? नष्ट करायला घरी आणला, दार लोटलं आणि माझ्या त्या लपवलेल्या विंडोजवर तपासला. स्वच्छ. माझ्या मनात, खरं सांगतो, आशा होती की निदान एखादा बारकासा व्हायरस सापडेल.

तुम्हाला वाटेल, यानंतर मंडळावर अवकळा आली असेल. उलटच झालं. सूची पुन्हा करायची म्हणून दर रविवारी बारा-पंधरा माणसं जमायला लागली. आयटीतली पोरं आली, त्यांना मराठी टाइप करायला येई पण वाचताना अडखळत, मग आजोबा लोक वाचणार आणि ती टाइप करणार. आणि लिनक्स तर त्या पोरांना आवडलंच! पुस्तकांतून वाळलेली चाफ्याची फुलं निघाली, कुणाचं न टाकलेलं पत्र निघालं, जोशींनी पंचवीस वर्षं परत न केलेल्या कादंबरीचं कार्ड निघालं तेव्हा तर टाळ्या पडल्या. मध्येच पुलिहोऱ्याचं, म्हणजे चिंचेच्या भाताचं, पातेलं यायचं. चार महिने खोलीत असा दंगा होता की खालचे डॉक्टर वर येऊन म्हणाले, “तुमच्याकडे एखादी खुर्ची रिकामी आहे का?” माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे रविवार. आणि त्या सुखात मधोमध नलिनीताई बसलेल्या असत, कार्डं मोठ्याने वाचत. सगळ्यांत जास्त हसायच्या त्याच. फक्त हात मांडीवर. कीबोर्डला त्यांनी बोट लावलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, “नको रे बाबा, माझ्या हाताला गुण नाही.” ही मंडळातली म्हण झाली. पोरंसुद्धा म्हणायची, ताईंपासून मशीन लांब ठेवा. त्याही हसायच्या, मीही.

अकरा वर्षं.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीने त्यांना लॅपटॉप पाठवला. त्यांनी मला बोलावलं. “कदमसाहेब, विंडोज ठेवू की लिनक्स घालू? तुम्ही सांगाल ते.” मी म्हणालो, “विंडोजच राहू द्या. तुमचे डबे आहेत ते.” जोशींना मी लगेच फोन करून हे सांगितलं तर ते म्हणाले, “आता प्रलय होणार.” मग नलिनीताई बसल्या. अठ्ठ्याहत्तरीच्या बाई, एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं. मग दुसरं बोट आलं. मग — काय सांगू — दोन्ही हात आले, पडद्याकडे न बघता! ओळीवर ओळ. “अहो, मीठ सापडलं!” म्हणून ओरडल्या. आम्ही दोघं म्हातारी वेड्यासारखी हसत सुटलो. आणि एकदम त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले. “पुरे. नाहीतर व्हायरस यायचा. तुम्ही समोर असाल तेव्हाच हात लावीन मी.”

मी घरी आलो आणि कागद पुढ्यात ओढला.

या रविवारच्या सभेसाठी मी अर्ज दिला आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तातल्या त्या दोन ओळी खोडाव्यात आणि त्या जागी लिहावं : ‘ठराव मोडून श्री. कदम यांनी संपूर्ण डिस्क पुसली, त्यात ग्रंथसूची नष्ट झाली. त्याचा दोष त्यांनी जाणूनबुजून श्रीमती नलिनीताई यांच्यावर ढकलला. आभाराचा ठराव रद्द.’ सभा काय ठरवेल ते सभेचं.

आणि हा लेख वार्षिक अंकासाठी. म्हणजे तुमच्या हाती पडण्याआधी तो त्यांच्याकडे जाणार, लाल पेनाखाली. अंकाची मुद्रितं त्याच तपासतात, सांगितलं ना. आज दुपारी मी स्वतः जाऊन पाकीट देणार आहे. त्यात हे कागद आहेत आणि तो पेनड्राइव्ह आहे. सकाळी पुन्हा एकदा लावून पाहिला, व्यवस्थित चालतो. त्यात अंकाचे सहा लेख आहेत, आणि त्यांच्या तेलुगू शेजारणीने सांगितलेली गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, चटणीची कृती. दुसरं काही नाही. कधीच नव्हतं.