माझ्या चिठ्ठीखालची चिठ्ठी

अरुणकाका गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. खरं सांगायचं तर आधी दुःख झालं नाही. त्यांच्या पेट्यांमध्ये माझ्या चिठ्ठ्या उरल्या असतील का, हेच पहिलं मनात आलं...

कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतून रिटायर झालेले काका इथे अमेरिकेत, चँडलरजवळच्या वाळवंटातून माश्या गोळा करत. अंगावर मधमाशीसारखी लव, पण पंख चारऐवजी दोनच. माझं कीटकशास्त्र नागपुरात अर्धवट सुटलेलं, म्हणून दर शनिवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. एका पेटीत टाचणीला टोचून ठेवलेल्या माश्या हुबेहूब सारख्या होत्या. काकांच्या मते जात एकच. माझ्या मते दोन, कारण पंखातली एक शीर काहींची सरळ, काहींची वाकडी. प्रत्येकीच्या टाचणीवर मी जातीची चिठ्ठी लावली. या कामात आधीच्याची चिठ्ठी कुणी काढत नाही. आपलं मत खाली दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचं असतं.

आणि एका शनिवारी काकांनी मी आधीच बघितलेली एक माशी पुन्हा माझ्यापुढे ठेवली, माझी चिठ्ठी काढून. मागचा पाय तुटका होता म्हणून मी ओळखली. मग लक्षात आलं, हे कित्येक आठवडे चाललंय. चोरून माझी परीक्षा! मी काही विचारलं नाही, पण पुढचा शनिवार कॅन्सल केला, मग त्याच्या पुढचाही. काकांचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असायचे. माझा शोध ते स्वतःच्या नावावर छापणार, असंही मी मनाशी धरलं होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

तेराव्यानंतर सुमनकाकूंनी बोलावून ती पेटी पुढे केली. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. प्रत्येकीखाली दुसरी चिठ्ठी, 'सहमत', आणि काकांचं नाव. अक्षर मात्र काकूंचं.

"अगं, त्यांना ती शीर दिसतच नव्हती," काकू म्हणाल्या. "बारीक काही दिसेनासं झालं होतं. तू दर वेळी तेच सांगतेस का, एवढंच बघत होते. मी म्हटलं, तिला सांगून टाका. तर म्हणाले, मग ती माझं मन राखायला लागेल."

शेवटच्या रांगेत चिठ्ठ्या नसलेल्या काही माश्या होत्या. मी विचारलं.

"त्या तू यायचं थांबवल्यानंतरच्या. मी पकडायचे, ते तुझ्यासाठी ठेवायचे."

आता शनिवारी मी त्या बघायला जाते. एकीबद्दल अजून खात्री होत नाही... आणि माझं चुकतंय का, हे तपासायला कुणी नाही.