सोळा सारख्या फळ्या

अंबडचा कारखाना बंद झाला तेव्हा माझ्या हातात एकच कसब होतं, मापाचं. एकवीस वर्षं मी तिथे तयार माल तपासला होता. नंतर कुठेच काम मिळेना. शेवटी आमच्या कॉलनीत वह्यापुस्तकांचं दुकान काढणाऱ्या एका तरुणाने मला फळ्या करायला सांगितल्या. हे बिघडलं तर दुसरं काम कोणी देणार नाही, हे मला आणि बायकोलाही ठाऊक होतं.

मेव्हण्याने दुबईहून आणलेली करवतीची मशीन एका लांब, सरळ पट्टीवरून धावायची. त्या पट्टीला दोन टोकांशी मी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून करून आणलेले दोन आडवे दांडे बसवले. दांड्यांवर मापाला सरकवून आवळायच्या खुंट्या होत्या; त्या प्लायवुडच्या कडेला टेकवल्या की खूण न करता प्रत्येक फळी तीनशे मिलिमीटर रुंद निघायची.

"काय हो, पार्किंगमध्ये फॅक्टरी टाकली का?" सोसायटीचे चेअरमन म्हणाले.

"आजच्या दिवसापुरती," मी म्हणालो.

चार शीटमधून सोळा फळ्या निघाल्या. एकावर एक रचून मी कडेवरून हात फिरवला. कुठेच अडला नाही.

बायकोने वरची फळी पुसायला उचलली आणि परत ठेवताना डावं टोक उजवीकडे, अशी उलटी फिरवून ठेवली.

"अहो, ही एका बाजूला बाहेर येतेय."

"सगळ्या सारख्या आहेत."

"मग बघा की!"

टेप लावला. एका टोकाला तीनशे, दुसऱ्या टोकाला दोनशे अठ्ठ्याण्णव. एक खुंटी सरकलेली होती. सोळाही फळ्या सारख्याच तिरक्या, म्हणून रचल्यावर जुळल्या होत्या. नवं प्लायवुड आणायची ऐपत नव्हती.

"जाऊन सांगा त्याला," ती म्हणाली. "लपवू नका."

दुकानात जाऊन मी सांगितलं, फळ्या तिरक्या निघाल्यात, सगळ्या पुन्हा कापून दोनशे पंच्याण्णवच्या होतील.

"काका, मला वह्या ठेवायच्यात, विमान नाही उडवायचं," तो हसला. "आहेत तशाच लावून टाका."

मला हसू येईना. माझ्याकडे विकायला अचूकपणाच होता, आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं.

परत येऊन दोन्ही खुंट्या दोनशे पंच्याण्णववर लावून घट्ट आवळल्या. आधी दोन तुकडे कापले, एक उलटा फिरवून दुसऱ्याशी जुळवला. मग फळ्या घेतल्या. बायकोने दुसरं टोक दाबून धरलं होतं. प्रत्येक फळी कापून झाली की ती विचारायची, "फिरवू?" आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायची.