शिवेबाहेरची आई

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी माझ्या सासरी, पोलादपूरजवळच्या कापडे गावात वाढते आहे. बहीण मुंबईत धंदा करते. कोणी विचारलं की 'कंपनीत आहे' म्हणून सांगायचे, पण इथे कशाला खोटं बोलू? नवऱ्याने तान्ह्या पोरीसकट टाकली, माहेरी भावजयीने उंबरा ओलांडू दिला नाही, आणि ओळखीच्या बाईने कामाला म्हणून नेलं ते थेट तिथे. पोर एका संस्थेच्या पाळणाघरात रात्री निजायची. तिथल्या बायका जीव लावायच्या म्हणून निभावलं. पण शाळेचं वय झालं तशी बहीण तिला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "तायडे, हिला आता समजायला लागंल. तुझ्याकडं ठेव."

जमेल तशी यायची, पोरीला न्हाऊ घालायची, कुशीत घेऊन झोपायची. मग गावातल्या एकाने तिला मुंबईत बघितलं. तो तिथे काय करत होता, हे कोणी विचारलं नाही. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून! देवळात गावकी बसली. पोरीला मांडीवर घेऊन मी खांबाला टेकून ऐकत होते. पोरीचा काय दोष, ती राहू दे, म्हणाले. तेवढी माणुसकी दाखवली. पण पोरीची आई शिवेच्या आत आली, तर शिमग्याला देवीची पालखी आमच्या दारात थांबणार नाही. पालखी पुढे गेली की माणसंही जातात. मग भातलावणीला कोणी येत नाही की मयताला खांदा द्यायला. आमचे हे मान खाली घालून 'बरं' म्हणाले. मला असा संताप आला, की त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही.

तेव्हापासून बहीण महाडपर्यंतच येते. मी पोरीला घेऊन स्टँडवर जाते. दोघी बाकावर बसतात. बहीण पोरीची वेणी सोडते आणि परत घालते, तेवढंच काय ते आईपण तिच्या वाट्याला उरलंय.

यंदा शिमगा झाल्यावर गेलो. पालखी आमच्या दारात थांबली होती, सगळं रीतसर झालं होतं. एरवी पोर आईकडे धावत सुटते. त्या दिवशी जवळ जाऊन नीट उभी राहिली नि म्हणाली, "आत्या, कशी हायस?"

बहिणीचं तोंड उतरलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकवलंस ते बरं केलंस गो."

मी कशाला असलं शिकवीन? मी पोरीचा दंड धरला. "आई हाय ना ती तुझी? कोणी सांगितलं असं बोलायला?"

"कोणी नाय," पोर म्हणाली. "शिमग्याला सगळ्यांच्या आत्या मुंबईवरनं आल्या. देवीची ओटी भरली. त्यांना कोण काय बोललं नाय. आईलाच येऊ देत नाय." आणि बहिणीचा हात धरून तिला पोलादपूरच्या गाडीकडे ओढायला लागली.

बहिणीने हात सोडवला नाही. गाडीच्या दारापर्यंत आली. "पुढल्या शिमग्याला येते," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. पोर मात्र खिडकीतून हात हलवत 'आत्या, आत्या' करत होती, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं.

आता फोनवरही तिला आत्याच म्हणते. परवा पोरीला ताप होता, झोपेत फोन घेतला आणि तोंडून 'आई' निघालं.

बहीणच तिकडून म्हणाली, "आत्या म्हण."