जाऊन राहिलो

अकोल्याच्या ज्या मेसमध्ये मी पोळ्या लाटतो, तिथं नायजेरियाचा एक फुटबॉलपटू जेवतो. ओमान, व्हिएतनाम, कोलकाता खेळून आला आणि अमरावतीच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. आठवीतून शाळा सोडून मी सांगलीहून आलो, तेव्हा भीतीनं घास उतरेना. तोच ताट घेऊन समोर बसला आणि इथल्या वऱ्हाडीत म्हणाला, "जेव ना बे, काहून भेऊन राहिला?"

तो अजून रोज खेळायचे बूट पुसतो. "घरी कधी जाणार?" विचारलं की म्हणतो, "जाऊन राहिलो ना!" इकडं त्याचा अर्थ, निघालोच. माझ्या कानाला मात्र ऐकू येतं, गेलो आणि तिकडंच राहिलो.

काल आईनं फोनवर मला तेच विचारलं. तोंडातून निघालं, "येऊन राहिलो."

आई हरखली. "व्हय? राहणार हाईस? किती दिस रं?"

फोन स्पीकरवर होता, तो समोरच बसलेला. बूट पुसणारा त्याचा हात थांबला.