काकांचा कान

"मेला हा. काढ बे." असं म्हणून काका नखानं टिचकी मारायचे आणि तीन पायांचा ट्रान्झिस्टर उडून गराजच्या फरशीवर पडायचा. तो परत उचलून लावायची कुणाची टाप नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक गावात असा एक खवट काका असतोच. असेल. पण डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावचा वेगळा होता. हा माणूस मूळचा नागपूरचा, गाड्यांची सर्किटं बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला. कामच असं, की धडधाकट सर्किट घ्यायचं, तापवायचं, गोठवायचं, मरेपर्यंत छळायचं आणि ते कशानं मेलं ते लिहून द्यायचं. घरी आले की गराजमध्ये पुन्हा तेच. फझ पेडल बनवायचा नाद. फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायानं दाबायची डबी. तो कसा फाटतो हे आतल्या दोन ट्रान्झिस्टरवर ठरतं. जुने जर्मेनियमचे मऊ फाडतात, सिलिकॉनचे करकरीत. काका ट्रान्झिस्टर कधी सोल्डर करायचे नाहीत, सॉकेटमध्ये नुसता खोचायचे. आवडला नाही की उपटायला सोपा.

माणसांनाही तेच माप. मंडळातल्या एका बाईंनी हौसेनं भावगीत म्हटलं, तर त्या खाली बसायच्या आत हे म्हणाले, "ताई, तुम्ही मोदक छान करता." मला तर पहिल्याच दिवशी ऐकवलं, की तुझे कान पत्र्याचे आहेत, तू गाड्या धू. मी हसलो. सगळेच हसायचे, कारण उद्या आपली पाळी येणार हे ठाऊक असायचं.

एका माणसाच्या कानाला मात्र ते मानायचे. केदार. इस्लामपूरचा, माझा रूममेट, एच-वन व्हिसावर नोकरीला आलेला. त्याला तसं तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण नवीन पेडल झालं की आधी त्याला फोन जायचा. त्याचे वडील गावात रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्यावर आईनं त्यांच्या पेटीतला एक जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर कापसात गुंडाळून केदारबरोबर दिला होता. केदारनं त्याच्यासाठी स्वतः पेडल बांधलं. गणपतीच्या कार्यक्रमात ते वाजवायचं आणि आईला ऐकवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आदल्या दिवशी काका म्हणाले, ठेवून जा, जरा ट्यून करून देतो. याला आनंद झाला.

शाळेच्या हॉलमध्ये केदार असा वाजवत होता, की समोशांची रांग जागच्या जागी थांबली. कॉलिंग कार्डवरून इस्लामपूरला लावलेला फोन मी स्पीकरसमोर धरून उभा होतो. तिकडे पहाट. वाजवून झाल्यावर तो माइकवर म्हणाला, "हा माझ्या बाबांचा ट्रान्झिस्टर होता." फोनमध्ये आई रडत होती. म्हणाली, अगदी त्यांच्या दुकानातला आवाज आहे रे.

जेवणाच्या रांगेत काका मागून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाचा कुठं बे? तो गळका होता, नुसता चरचरत होता. कालच कचऱ्यात टाकला. सिलिकॉन वाजला तुझा."

केदारनं कुठला कचरा विचारलं. सकाळीच गाडी येऊन गेली होती.

"वाजलं ना झकास? मग तोंड काऊन पाडतो?" असं म्हणून काकांनी पानात श्रीखंड वाढून घेतलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं हो. उपकार केला असंच वाटत होतं. मला तेव्हा ते श्रीखंड त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं होतं, आजही वाटतं. केदार आईला काही बोलला नाही. काय बोलणार? गराजला जाणं मात्र त्यानं सोडलं.

पुढे काकांचे कान जायला लागले. इतकी वर्षं बंद गराजमध्ये फझ वाजवल्यावर दुसरं काय होणार! बारीक आवाज आधी गेले. मायक्रोवेव्ह बिघडलाय, शिटीच देत नाही म्हणून ते काकूंवर खेकसायचे. काकू बिचाऱ्या हो म्हणायच्या. कानाचं सांगायचं धाडस त्यांनाही झालं नाही.

दोन हजार आठला डेट्रॉइटकडच्या कंपन्या माणसं कमी करायला लागल्या, तशी काकांचीही नोकरी सुटली. दूर दक्षिणेकडच्या प्लेनो शहरात काम मिळालं. निघण्याआधी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं आणि केदारला जरूर आण म्हणाले. तो आला.

काकांनी शेवटचं पेडल बांधलं होतं. चार जर्मेनियम पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, तू निवड. केदारनं एकेक लावून वाजवला. तिसरा लावला आणि तारेला हात लागायच्या आतच गराजभर भज्यांचा घाणा सोडल्यासारखं चर्र सुरू झालं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काका मान डोलावत होते.

"हा," केदार म्हणाला. "याच्यासारखा दुसरा नाही, काका."

मी म्हटलं, अहो, हा फार चरचरतोय. तुला काय कळतं, म्हणून त्यांनी मला गप्प केलं. मग सोल्डरिंग आयर्न तापवलं, सॉकेट काढून टाकलं आणि तो ट्रान्झिस्टर कायमचा पक्का केला. केदार शेजारी टॉर्च धरून उभा होता. त्याचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर प्लेनोच्या माझ्या मित्रानं सांगितलं, की एक नवीन काका आलेत, आरतीआधी गिटार वाजवतात, कान किटतात, पण म्हातारा माणूस, कोण बोलणार? आणि म्हणे प्रत्येकाला ती डबी दाखवून सांगतात, हा ट्रान्झिस्टर मी नाही, नोव्हायच्या एका पोरानं निवडलाय, तसा कान मी आयुष्यात पाहिला नाही.

हे मी केदारला सांगितलं. तो भांडी घासत होता. "असं म्हणाले?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं नळ बंद केला नाही, की पुढचं भांडंही उचललं नाही.