व्हॅनचा थर्मोस्टॅट आणि दहा नंबरचा पाना

ऑगस्टमधला दुसरा रविवार, सकाळी सव्वाआठ. जागा: पूर्णगडला आमचं अंगण, वर ताडपत्री. हजर: मी, माझे धाकटे दीर, शेजारच्या काकू. गैरहजर: माझे यजमान, लोट्याच्या कारखान्यात शिफ्टवर. व्हॅनही हजर, ती हलण्यासारखी नव्हतीच.

यादीशिवाय मी काम करत नाही. पण त्या दिवशीच्या यादीत पहिल्याच ओळीतला एक शब्द माझ्या अक्षरात नव्हता.

भावोजींनी उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलं. गेल्या दिवाळीत त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला फिजिओथेरपी. डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिलं वर्ष महत्त्वाचं, एकही खाडा नको. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. म्हणून माझ्या कोकम सरबताच्या बाटल्या पोचवणाऱ्या व्हॅनमध्ये त्यांची जागा ठरली.

शुक्रवारी पावसच्या पुढच्या चढावर इंजिनाचा काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेतली. पहिला खाडा पडला.

झटक्यापासून भावोजी दिवसाकाठी चारेक वाक्यं बोलत. त्यातलं एक त्यांनी तिथे खर्च केलं. "वहिनी, वरचा पाइप बघा."

मी फडकं घेऊन हात लावला. इंजिन भट्टीसारखं, आणि रेडिएटरकडे जाणारा पाइप जेमतेम कोमट.

"थर्मोस्टॅटचं दार उघडत नाही," ते म्हणाले.

इंजिन पुरतं निवल्यावर पाणी भरून, दर दोन किलोमीटरला थांबत घरी आलो. मी हातखंब्याच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाका ताई. आपल्याकडे काय बर्फ पडतो?" इथे बरेच जण तेच करतात. मला ते पटलं, स्वस्तही वाटलं. यादीत लिहिलं: थर्मोस्टॅट काढणे.

शनिवारी सकाळी पाहते तर 'काढणे' खोडलेलं, आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत 'बदलणे'. दिवाळीपासून या माणसाने सहीसुद्धा केली नव्हती. डाव्या हाताने लिहिलं होतं.

"पण का?" मी विचारलं.

"भात पुरता शिजायच्या आत चुलीवरनं उतरवता का?" ते म्हणाले. मग थांबत थांबत पुढचं. इंजिनाला ताप हवा, पण बेताचा. गार असताना हे दार बंद राहतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. तापलं की त्यातलं मेण वितळतं, दार उघडतं, पाणी रेडिएटरकडे जातं. दारच काढलं तर इंजिन कायम अर्धकच्चं, डिझेल वाया. चार वाक्यांचा कोटा केव्हाच संपला होता.

एसटीने रत्नागिरीला जाऊन नवा भाग आणला. हातात मावणारी पितळी चकती, मागे स्प्रिंग.

रविवारी आधी परीक्षा. जुना आणि नवा, दोन्ही दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडले. सरबताचा पाक बघायचा माझा थर्मामीटर शेजारी.

काकू चहा घेऊन डोकावल्या. "काय गो, खेकडे शिजवतेस?"

"थर्मोस्टॅट, काकू."

"मग मीठ घाल चवीपुरतं."

भावोजी हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. ब्याऐंशी अंशांच्या आसपास नव्याचं दार हळूच उघडलं. पाणी खळाखळा उकळलं तरी जुना घट्ट मिटलेला.

मग खरं काम. खाली घमेलं ठेवून रेडिएटरचं पाणी सोडलं. पाइप काढला. दहा नंबरच्या पान्याने झाकणाचे दोन बोल्ट सोडले. जुनी गॅस्केट खरवडायला अर्धा तास गेला. नखाला लागेल असं काही ठेवायचं नाही, हा हुकूम. मी नवा बसवला आणि झाकण उचललं तशी भावोजींची काठी माझ्या कोपरावर आली.

"स्प्रिंग कुठे गेली पाहिजे?"

"इंजिनाकडे."

"आणि ती कुठे बघते?"

माझ्याकडे बघत होती. उलटा बसवला होता.

"बोटीवर मी असा बसवला असता तर चीफ इंजिनिअरने मला घरी पोचवलं असतं. पोहत," ते म्हणाले.

तो सुलटा करून, नवी गॅस्केट आणि झाकण बसवून पाणी भरलं. साडेअकराला इंजिन सुरू केलं. काटा मध्यावर येऊन थांबला तो थांबलाच. मी वरच्या पाइपला फडक्यावरून हात लावला. गरम. भावोजींनी डावा हात लावला, मग त्याच हाताने धरून उजवाही पाइपवर नेऊन ठेवला.

"कळतंय थोडं," ते म्हणाले.

मी पदराने घाम पुसायचं निमित्त केलं.

सोमवारी आम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो. मेकॅनिकवर माझा राग नाही. त्याने फोन उचलला, हेही उपकारच. काकूंचे आभार चहासाठी आणि मिठासाठी. भावोजींचे मानायला गेले तर ते म्हणाले, "यादी दाखवा."

सगळ्या कामांवर खुणा होत्या. शेवटचं तेवढं राहिलं होतं: आठवड्याने दोन्ही बोल्ट पुन्हा तपासून आवळणे.

"ते मी करणार. उजव्याने. तुम्ही हात लावायचा नाही," ते म्हणाले.

तो आठवडा उलटून तीन दिवस झाले. घरातून निघताना आणि परतल्यावर मी झाकण कोरडं आहे ना ते बघते. अजून कोरडं आहे. पाना त्यांच्या खिडकीत आहे. रोज सकाळी ते त्यावर बोटं वळवून बघतात. यादीत त्या ओळीवर खूण नाही.